परागंदा प्रतिवादी

१८६०च्या भारतीय दंड संहितेत ५०८ क्रमांकाचे एक कलम होते. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करून घेणे, हा त्यातला गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंतची कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. या संहितेत कलमाखाली उदाहरणे देण्याची रीत आहे आणि त्यांतली बहुतेक कोणत्याही देशात घडावीत अशी आहेत. ५०८ खालचे पहिले उदाहरण मात्र थेट आपल्याकडच्या पेठेतून उचललेले दिसते. 'अ' हा 'य'च्या दारात धरणे धरून बसतो, आणि तसे बसल्याने 'य'वर देवाचा कोप होईल असे भासवतो. मसुदा करणाऱ्यांना 'धरणे' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द सापडला नाही, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

हे उदाहरण वाचताना एक गोष्ट खटकते. 'अ'ने काय केले ते कायदा सांगतो, पण 'य'ने आधी काय केले होते ते सांगत नाही. 'अ' उगाच येऊन बसला नसणार. बहुधा 'य'कडे त्याचे पैसे अडकले असणार.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात न्यायाच्या प्रकरणात तगाद्याचे वर्णन आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असेल तर घेणेकरी त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. देणेकरी वरचढ असेल तर घेणेकरी त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, रस्त्यात वाट अडवी, दारात ओरड करी, आणि शेवटी तिथेच उपोषणाला बसे. तो उपाशी असेपर्यंत घरधन्यालाही जेवता येत नसे. हे सगळे स्वतःला जमत नसेल तर त्यासाठी दुसरी माणसे लावता येत. एल्फिन्स्टनला ही पद्धत रानटी वाटली, तरी तिचा उपयोग होत होता हे त्याने नोंदवले आहे. मागणी खरी असेल तर तगादा करणाऱ्याला हुसकावून लावू नये, असा लोकांत संकेत होता.

तगाद्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. उन्हात बसवलेला माणूस बहुतेक वेळा गरीबच असणार. पण या पद्धतीच्या बुडाशी एक गृहीतक होते, ते आज हरवले आहे. तगाद्याला दार लागते. देणेकरी कुठे राहतो हा प्रश्न त्या व्यवस्थेत सहसा उद्भवतच नसे.

गावातल्या कारागिराबाबत तर नाहीच. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. त्यांचे काम हे वतन होते आणि कामाचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या वाट्यात मिळे. नांगर नीट न भरणारा सुतार पळून जाईल कुठे? पळाला तर खळ्यावरचा वाटा गेला, आणि दुसऱ्या गावात त्या वतनावर दुसरा सुतार बसलेला असणारच. बाहेरून आलेल्या उपऱ्या माणसाचे तसे नव्हते. म्हणून त्याच्यासाठी जामीन लागे. जुन्या कागदांत जामिनाचे प्रकार आहेत. मालजामीन पैशाची हमी घेई, तर हाजिरजामीन माणसाची. बोलावल्यावर याला हजर करीन, एवढेच त्याचे काम. म्हणजे पळून गेलेल्याला शोधण्याचे ओझे फिर्यादीच्या डोक्यावरून उचलून, त्याला ओळखणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दिलेले असे. आजच्या दिवाणी दाव्यात मला सर्वांत जास्त उणीव जाणवते ती या हाजिरजामिनाची.

याच कागदांत 'परागंदा' हा शब्दही भेटतो. दुष्काळाने, लढाईच्या धामधुमीने किंवा जुलमाने गाव सोडून गेलेली रयत परागंदा झाली असे लिहीत, आणि तिला परत बोलावण्यासाठी सरकारातून कौल दिला जाई. आज आपण हाच शब्द पैसे बुडवून पसार झालेल्यासाठीही सर्रास वापरतो.

दिवाळी अंकात 'दिवाळे' या शब्दाची आठवण काढावी की नाही, असा प्रश्न पडतो, पण काढतो. देणे फेडणे अशक्य झालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. व्युत्पत्ती पंडितांनी तपासावी. मला तिच्यातला व्यापारी महत्त्वाचा वाटतो. तो बुडालेला आहे, पण दुकानात बसलेला आहे. दिवाळे वाजलेला माणूस सापडतो. ज्याचे दिवाळे वाजलेले नाही तोच सापडत नाही, हा माझा अनुभव, तो पुढे येईलच.

शहरात हे सगळे सैल झाले. मुंबईत आलेल्या सुताराचे गावात वतन असेल, पण मुंबईत त्याचा उंबरा नव्हता. काम सुरू करण्यासाठी उचल द्यायची आणि उचल घेतलेला कारागीर दुसऱ्या दिवशी यायचाच नाही, ही तक्रार कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांनी सरकारकडे नेली, आणि त्यातून १८५९चा तेरावा कायदा झाला. कामगारांच्या करारभंगाचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतले जे कारागीर, कामकरी आणि मजूर आगाऊ रक्कम घेऊन काम करत नाहीत, त्यांच्यासाठी तो होता. मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेटने समन्स काढायचे किंवा सरळ वॉरंट. मग मालकाच्या मर्जीप्रमाणे, पैसे परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम व्हायचा. तो पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

घेणेकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर याहून सोयीचा कायदा नाही. दिवाणी देणे, पण ते वसूल करायला फौजदारी यंत्रणा. पसार झालेल्या माणसाला शोधायला पोलीस. ज्याचे पैसे गेले आहेत त्याला हे वाचून हायसे वाटेल. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटले. पण कायदा एकाच बाजूने चालत होता. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला त्यात वॉरंट नव्हते. शिवाय हा कायदा इतर भागांना लागू करण्याची मुभा होती, तिचा फायदा घेऊन तो आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला. थोडी उचल अंगठ्यावर द्यायची आणि मळा सोडणाऱ्याला पळपुटा ठरवून आणायचे. कलकत्त्याच्या लबाड सुतारासाठी विणलेल्या जाळ्यात दुसरेच मासे अडकले. १९२५मध्ये हा कायदा रद्द करण्याचे ठरले आणि त्याबरोबर दंड संहितेतली त्याच जातीची दोन कलमेही गेली.

आपल्या मुलखात याच सुमारास उलटा प्रकार चालू होता. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी गाऱ्हाणी आली, त्यांत एक समन्सचे होते. दावा झाल्याचे कुळाला कळतच नसे. समन्स बजावल्याचा शेरा कोर्टात येई, कुळ हजर नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि कुळाला पहिली बातमी जप्तीच्या दिवशी मिळे. इथे प्रतिवादी कुठेही पळालेला नव्हता. तो शेतात होता. तो सापडू नये यातच वादीचा फायदा होता. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले आणि प्रतिवादीला प्रत्यक्ष बोलावून तपासण्यावर भर दिला.

समन्सच्या नियमांतली आजची सावधगिरी अशा अनुभवांतून आलेली आहे, हे लक्षात ठेवले की कोर्टातला विलंब थोडा कमी बोचतो. थोडाच. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स शक्यतो खुद्द प्रतिवादीच्या हातात द्यायचे. तो घरी नसेल आणि वेळेत सापडण्याची शक्यता नसेल तर कुटुंबातल्या प्रौढ माणसाला. मूळ नियमात हा माणूस पुरुषच असावा लागे. १९७६च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे तब्बल ६८ वर्षे, दार उघडणारी बाई ही कायद्याच्या लेखी दार बंद असल्यासारखीच होती. कोणीच नसेल तर बेलिफाने समन्स दारावर डकवायचे. तेही साधले नाही तर कोर्टाच्या हुकमाने कोर्टाच्या आवारात आणि प्रतिवादीच्या शेवटच्या ठाऊक असलेल्या घरावर लावायचे, किंवा वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. एल्फिन्स्टनच्या अहवालातला घेणेकरी दारात बसे. आता त्याच्या जागी कागद बसतो.

या नियमांचा अभ्यास मी हौसेने केला नाही. पुण्यातल्या आमच्या घराच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यासाठी एका ठेकेदाराला ९०,००० रुपये आगाऊ दिले होते. त्याने जुना कोबा फोडला, राडारोडा गच्चीच्या कोपऱ्यात लावला आणि तो दिसेनासा झाला. तेव्हा जून लागत होता. रजिस्टर्ड नोटीस 'लेफ्ट' असा शेरा घेऊन परत आली. पावतीवरच्या पत्त्यावर गाळा होता, त्यात आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

वकिलांनी मुदत कायदा समजावून सांगितला. असा दावा तीन वर्षांत लावायचा. १९६३च्या या कायद्यात प्रतिवादीच्या गैरहजेरीचा काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद आहे, पण ती तो भारताबाहेर असेल तरच. दुबईला गेलेल्या ठेकेदारासाठी घड्याळ थांबते. पुण्याहून उल्हासनगरला गेलेल्यासाठी ते चालूच राहते. ही तरतूद आगबोटीच्या काळातल्या कायद्यांतून चालत आलेली आहे. देश एवढा मोठा आहे की देशातच हरवता येते, हे ती करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

एक बदल मात्र खरोखर आमच्यासारख्यांच्या बाजूने झाला आहे. दिवाणी दावा प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर व्यवहार घडला तिथे लावावा लागतो. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याची चौकटही साधारण तशीच होती. जुलै २०२०मध्ये अमलात आलेल्या नव्या ग्राहक कायद्याने, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येईल असे केले. मुदत दोन वर्षांची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तक्रार आपल्या गावात राहते, पण नोटीस त्याच्याच गावाला जावी लागते. ते गाव कोणते, हे कायदा सांगत नाही.

ते मला मजूर अड्ड्यावर कळले. सकाळी सातच्या सुमारास गवंडी, बिगारी, रंगारी जिथे कामाची वाट पाहत उभे राहतात, तिथे मी तीन दिवस गेलो. हार्डवेअरच्या दुकानदारांना त्या ठेकेदाराचा फक्त फोन नंबर माहीत होता, तोही बंद. आमचा कोबा फोडायला आलेला एक गवंडी अड्ड्यावर ओळखीचा निघाला. ठेकेदार कुठे आहे, कोणत्या इमारतीवर त्याचे काम चालू आहे, तिथे तो कोणत्या खोलीत झोपतो, हे सगळे त्याला माहीत होते. बोलता बोलता कळले की आमच्या गच्चीवरच्या कामाचे सहा दिवसांचे पैसे त्यालाही मिळालेले नाहीत.

"मग तुम्ही गेला नाहीत त्याच्याकडे?" मी विचारले.

"जाऊन काय करू, काका? दिवाळीनंतर त्याच्याकडंच काम आहे."

मजुरी बुडालेला माणूस ग्राहक कायद्यात बसत नाही. त्याच्याकडे पावती नव्हती, करार नव्हता, हजेरी ठेकेदाराच्या वहीत होती आणि ती वही ठेकेदाराच्या पिशवीत. नव्या पत्त्यावरची नोटीस दीड महिन्यात बजावून आली. ठेकेदार दुसऱ्या तारखेला हजर झाला, हप्ते मागितले आणि पहिला हप्ता भरलाही. गवंड्याला त्याने दिवाळीनंतर कामावर घेतले. ते सहा दिवस अजून बाकी आहेत.