ट्रेंटकाठची जोडगोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरी वडिलांची एक रॅले सायकल होती. हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आणि त्याखाली ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ ही अक्षरं. पुसून पुसून अक्षरं झिजली होती, पण मला नॉटिंगहॅम हे गाव पहिल्यांदा कळलं ते तिथूनच. पुढे शाळेत रॉबिन हूडची गोष्ट आली आणि क्रिकेटच्या समालोचनातून ट्रेंट ब्रिजचं मैदान. २००७ साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने जिथे सामन्यात नऊ बळी घेऊन इंग्लंडला हरवलं, तेच हे मैदान. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, ट्रेंट नदीच्या अगदी काठावर, दुसरं एक मैदान आहे. ते फुटबॉलचं. नाव सिटी ग्राउंड. मी आज बोलणार आहे ते त्या मैदानावरच्या दोन माणसांबद्दल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठापेठांतल्या ईर्षेचा विषय. कॉलेजात असताना, १९७७ च्या सुमारास, शनिवारी रात्री दहानंतर मी ट्रान्झिस्टर कानाशी धरून शॉर्टवेव्हवर बीबीसी पकडायचो. तिथे इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यांचे निकाल वाचून दाखवत. वाचणाऱ्याचा आवाज असा चढायचा-उतरायचा, की दुसऱ्या संघाचे गोल सांगायच्या आधीच कोण जिंकलं ते कळावं. त्या हिवाळ्यात एक नाव दर शनिवारी चढ्या आवाजात यायला लागलं, नॉटिंगहॅम फॉरेस्ट. सायकलच्या बिल्ल्यावरचं गाव! मला उगाचच घरचं माणूस जिंकल्यासारखं वाटायचं.

हा क्लब १८६५ सालचा, म्हणजे जगातल्या जुन्यातल्या जुन्या क्लबांपैकी. पण जुना म्हणजे मोठा नव्हे. एफ. ए. कप त्यांनी दोनदा जिंकला होता, १८९८ आणि १९५९ मध्ये. लीगचं विजेतेपद एकदाही नाही. त्या काळी तो कंपनीही नव्हता. सभासदांची समिती क्लब चालवायची, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयासारखी. १९७२ मध्ये संघ दुसऱ्या विभागात घसरला, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथेही तेराव्या क्रमांकावर रेंगाळत होता. अशा वेळी समितीने एका बेकार माणसाला बोलावलं. त्याचं नाव ब्रायन क्लफ.

क्लफचा जन्म १९३५ चा, मिडल्सब्रो या औद्योगिक गावातला. कामगाराचं घर, भावंडांचा गोतावळा. शाळेत परीक्षा नापास. पण पायात चेंडू आला की हा मुलगा गोलच करायचा. लीगमधल्या २७४ सामन्यांत २५१ गोल! हा आकडा पुन्हा एकदा वाचावा असा आहे. मग १९६२ सालचा २६ डिसेंबर आला. संडरलंडकडून खेळताना, गोठलेल्या मैदानावर, समोरच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तेव्हा त्यावर आजच्यासारखे उपाय नव्हते. वय सत्तावीस. पुढे परत येण्याचा थोडा प्रयत्न झाला, पण खेळाडू म्हणून तो संपला होता. फुटबॉलने आपल्याला टाकून दिलं, ही सल त्याने आयुष्यभर बाळगली, असं माझं मत आहे. त्याच्या उर्मटपणाचं मूळ मी तिथेच शोधतो.

मिडल्सब्रोतच त्याला दुसरा माणूस भेटला होता. पीटर टेलर, वयाने मोठा, राखीव फळीतून पुढे आलेला गोलरक्षक. खेळाडू म्हणून बेताचा, पण खेळाडू ओळखण्यात पटाईत. पोरसवदा क्लफ थोर होणार, हे पहिल्यांदा म्हणणारा तोच. १९६५ मध्ये क्लफला चौथ्या विभागातल्या हार्टलपूलचं काम मिळालं तेव्हा त्याने टेलरला सोबत घेतलं. तिथून दोघं १९६७ मध्ये डर्बीला गेले, आणि १९७२ मध्ये दुसऱ्या विभागातून वर आणलेल्या डर्बीला त्यांनी इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. मग संचालकांशी भांडण, १९७३ मध्ये राजीनामा. दोघं ब्रायटनला गेले. १९७४ मध्ये क्लफने लीड्सचं आमंत्रण स्वीकारलं, तेव्हा टेलर मात्र ब्रायटनलाच थांबला. लीड्सच्या विजेत्या खेळाडूंना क्लफने सांगितलं, की तुमची सगळी पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. ४४ दिवसांत त्याची हकालपट्टी झाली.

म्हणून मघाशी म्हणालो, बेकार माणूस. शिवाय डर्बी आणि नॉटिंगहॅम एकमेकांपासून पंचवीस किलोमीटरही नाहीत आणि दोघांत हाडवैर. एका पेठेला विजेतेपद मिळवून दिलेल्या माणसाने शेजारच्या पेठेची जर्सी घालावी, तसला हा प्रकार. आमच्याकडे त्यावरून काय झालं असतं, ते न बोललेलं बरं.

क्लफ एकटा आला तेव्हा पहिलं दीड वर्ष काही विशेष घडलं नाही. त्या वर्षी सोळावा क्रमांक, पुढच्या वर्षी आठवा. सुधारणा होती, पण चमत्कार नव्हता. जुलै १९७६ मध्ये टेलर ब्रायटन सोडून त्याच्याकडे आला. पुढचं वर्ष संपताना फॉरेस्ट तिसरा आला आणि जेमतेम वरच्या विभागात पोचला. बोल्टनचा संघ वूल्व्ह्जकडून हरला म्हणून हे जमलं. ती बातमी फॉरेस्टच्या खेळाडूंना कळली ती सहलीला मायोर्काकडे निघालेले असताना. त्यानंतरच्या तीन वर्षांत जे झालं, तसं इंग्लिश फुटबॉलमध्ये आधी झालं नव्हतं आणि पुढेही झालेलं नाही.

या संघातली माणसं बघा. जॉन रॉबर्टसन. जाडसर, सिगारेट ओढणारा, गबाळा स्कॉटिश मुलगा, क्लबने विकायला काढलेला. या दोघांनी त्याला डाव्या बगलेवर उभं केलं. त्याच्या पायात वेग नव्हता. पण एका खांद्याच्या हिसड्याने तो समोरच्याला चकवायचा आणि चेंडू नेमका हव्या त्या डोक्यावर टाकायचा. फ्रँक क्लार्क. तिशी ओलांडलेला, न्यूकॅसलने फुकट सोडून दिलेला. लॅरी लॉइड. एकेकाळी लिव्हरपूलला खेळलेला, नंतर मागे पडलेला. जॉन मॅकगव्हर्न. चालायची ढब विचित्र, प्रेक्षक हसायचे. पण क्लफने त्याला हार्टलपूलपासून जवळजवळ प्रत्येक गावी सोबत नेलं आणि इथे कर्णधार केलं. गॅरी बर्टल्स तर शेजारच्या हौशी क्लबकडून दोन हजार पौंडांना घेतलेला, गालिचे बसवायचं काम करणारा पोरगा.

आणि केनी बर्न्स. बर्मिंगहॅमचा आघाडीपटू, भांडखोर म्हणून बदनाम. पैजांच्या नादाला लागलाय अशी कुजबुज. टेलरने काय करावं? टोपी डोळ्यांवर ओढून, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन त्याच्यावर पाळत ठेवली. माणूस छोट्या छोट्या पैजा लावतो, एवढंच दिसलं. दीड लाख पौंडांना त्याला आणला आणि आघाडीवरून उचलून बचावात उभा केला. १९७८ मध्ये फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला तो हाच बर्न्स.

पैसे खर्च झाले ते गोलरक्षकावर. पीटर शिल्टनसाठी अडीच लाखांवर पौंड मोजले, तेव्हा समितीचे डोळे पांढरे झाले. गोल करणाऱ्यावर पैसे घालतात, अडवणाऱ्यावर कशाला? टेलर स्वतः गोलरक्षक होता. त्याचं म्हणणं असं, की चांगला गोलरक्षक वर्षभरात आघाडीपटूइतकेच गुण मिळवून देतो. हिशेब खरा ठरला. ४२ सामन्यांत फॉरेस्टवर फक्त २४ गोल झाले. एप्रिल १९७८ मध्ये कॉव्हेंट्रीला गोलशून्य बरोबरी साधून, चार सामने बाकी असतानाच, त्यांनी विजेतेपद नक्की केलं. शेवटी ६४ गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या लिव्हरपूलपेक्षा ७ जास्त; आणि तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत. खालच्या विभागातून वर येऊन पहिल्याच वर्षी विजेता ठरलेला त्यानंतर दुसरा संघ इंग्लंडमध्ये झालेला नाही. नोव्हेंबर १९७७ पासून लीगमध्ये ओळीने ४२ सामने ते हरले नाहीत. तो विक्रम मोडायला आर्सेनलला २००४ साल उजाडावं लागलं.

क्लफची शिकवण काय होती, असं विचारलं तर उत्तर निराश करणारं आहे. फळ्यावर आकृत्या नाहीत. चेंडू जमिनीवर ठेवा, तो आपल्याच माणसाला द्या, पंचांशी हुज्जत घालू नका. बाकी सगळं माणसांना कधी टोचायचं आणि कधी सैल सोडायचं यात होतं. १९७९ च्या लीग कप अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्याने खेळाडूंना झोपू दिलं नाही, बसवून शॅम्पेन पाजली. आर्ची गेमिल झोपायला जातो म्हणाला, त्यालाही जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला साउदॅम्प्टन एका गोलने पुढे. नंतर डोकी ताळ्यावर आली आणि फॉरेस्ट ३-२ असा जिंकला. हा प्रयोग कुणी करून बघावा, असं मी म्हणणार नाही.

युरोपियन कपमध्ये तेव्हा देशोदेशीचे विजेते आणि गतविजेता एवढेच खेळत. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती गतविजेत्या लिव्हरपूलशी. २-० आणि ०-० असं करून फॉरेस्ट पुढे सरकला. उपांत्य फेरीत जर्मनीच्या कोलोनने नॉटिंगहॅमच्या चिखलात ३-३ अशी बरोबरी साधली; तिसरा गोल ओकुडेरा या जपानी खेळाडूचा. परक्या मैदानावर ३-३ म्हणजे कोलोनचं पारडं जड. टेलिव्हिजनवर क्लफने मिश्कीलपणे सुचवलं, की सगळं संपलं असं समजण्याइतकं कुणी मूर्ख नसेल अशी आशा आहे. कोलोनला जाऊन इयन बोयरने एक गोल केला. तेवढा पुरला.

३० मे १९७९, म्युनिक, समोर स्वीडनचा माल्मो. मध्यंतराच्या जरा आधी रॉबर्टसनने डावीकडून चेंडू टाकला आणि ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने तो आत ढकलला. फ्रान्सिस म्हणजे दहा लाख पौंडांना घेतलेला पहिला ब्रिटिश खेळाडू. हा त्याचा युरोपातला पहिलाच सामना. चेंडू टाकणारा विकायला काढलेला, गोल करणारा देशातला सर्वांत महाग! फ्रँक क्लार्कचा तो शेवटचा सामना. पण गेमिल आणि मार्टिन ओनील हे दुखापतीतून सावरून आपण तंदुरुस्त आहोत असं सांगत असताना बाहेर बसले. गेमिल ते विसरला नाही. त्या उन्हाळ्यात त्यालाही विकलं. पुढच्या वर्षी माद्रिदला, केव्हिन कीगनच्या हॅम्बुर्गविरुद्ध, पुन्हा १-०, आणि गोल रॉबर्टसनचा. लीग एकदाच पण युरोपियन कप दोनदा, असा दुसरा क्लब जगात नाही.

मोहिनी असलेल्या माणसांबद्दल बोलताना आपण त्यांच्या जिभेचे किस्से सांगतो आणि तिचे घाव विसरतो. १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना आणलेल्या जस्टिन फॅशनू या कृष्णवर्णीय तरुणाला, तो समलिंगी आहे हे कळल्यावर, क्लफने ज्या तऱ्हेने हिणवलं आणि सरावातून हाकललं, त्याला कुठलीही सबब नाही. पुढे आत्मचरित्रात त्याने खंत व्यक्त केली. त्याच माणसाच्या संघातला व्हिव्ह अँडरसन १९७८ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आणि टेलर? १९८० मध्ये टेलरने क्लफबरोबरच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, क्लफला आधी न सांगता. तिथून कुरबुर वाढली. १९८२ मध्ये थकलो म्हणून टेलर निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच डर्बीचा व्यवस्थापक होऊन परतला. १९८३ मध्ये क्लफ एका धर्मादाय पदयात्रेला डोंगरात गेलेला असताना टेलरने रॉबर्टसनला डर्बीकडे ओढलं, क्लफला न कळवता. बस्स. क्लफने वर्तमानपत्रातून त्याचे वाभाडे काढले आणि बोलणं टाकलं. शेजारशेजारच्या गावांत राहून सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर मायोर्कात वारला. क्लफ अंत्यविधीला गेला.

टेलरशिवाय क्लफने लीग कप आणखी दोनदा जिंकला, १९८९ आणि १९९० मध्ये. पण युरोप पुन्हा जिंकता आला नाही, लीगही नाही. दारू वाढत गेली. मे १९९३ मध्ये फॉरेस्ट तळाला जाऊन खालच्या विभागात घसरला आणि अठरा वर्षांनी तो निवृत्त झाला. संघ घसरला तरी त्या दिवशी प्रेक्षक त्याच्याच नावाने गात होते. १९९४ चं आत्मचरित्र त्याने टेलरला अर्पण केलं. मी गेलो की तुझ्या आयुष्यातलं हसू कमी होईल, असं टेलर कधीकाळी म्हणाला होता; ते खरं ठरलं, अशी कबुली त्या अर्पणपत्रिकेत आहे. ज्याने एवढी टाकून दिलेली माणसं उचलली, त्याला या एका माणसाला फोन करणं सात वर्षांत का जमलं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

क्लफ सप्टेंबर २००४ मध्ये गेला. नॉटिंगहॅम आणि डर्बीला जोडणाऱ्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे. नॉटिंगहॅमच्या चौकाजवळ २००८ पासून त्याचा पुतळा आहे, एकट्याचा. डर्बीच्या मैदानाबाहेर २०१० मध्ये पुतळा उभारला तो मात्र दोघांचा, मधे लीगचा चषक धरलेला. सिटी ग्राउंडवर युरोपातल्या विजयांच्या काळात उभ्या राहिलेल्या प्रेक्षकगृहाला क्लफचं नाव बऱ्याच वर्षांपूर्वी दिलं गेलं. समोरचं जुनं प्रेक्षकगृह नुसतंच ‘मेन स्टँड’ होतं. २०१५ मध्ये, टेलरच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, त्याला पीटर टेलरचं नाव मिळालं.