झुडपी जंगल: महसुली नोंदीतल्या एका शब्दाचा इतिहास

‘विकास विरुद्ध जंगल’ हा विषय घेऊन संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी विदर्भात पुष्कळ आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना तर तो घराच्या अंगणातूनच दिसतो. एकीकडे ताडोबा, दुसरीकडे कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट कारखाने आणि दर दहा वर्षांनी थोडं थोडं बाहेर सरकणारं शहर. पण एवढ्या मोठ्या विषयावर प्रबंध उभा राहत नाही. विकास कोणाचा आणि जंगल कशाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. यातला दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या भागात त्याचं उत्तर नुसती झाडं बघून मिळत नाही. त्यासाठी महसूल खात्याची जुनी दप्तरं उघडावी लागतात.

त्या दप्तरातला एकच शब्द आज घेऊ या: ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमिनीपुढे हा शब्द लिहिलेला आहे. या जमिनीवर घर बांधायचं की नाही, शाळा काढायची की नाही, स्मशानभूमीला जागा द्यायची की नाही, हे सगळं गेली कित्येक वर्षं त्या एका शब्दावर अडून राहिलं.

शब्द आला कुठून?

१८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर आणि गडचिरोली, या प्रांतात आला. पुढच्या काही वर्षांत जमाबंदी झाली आणि मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. शेतीखाली नसलेल्या रानाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा आला. गावाच्या गरजेपुरतं रान मालगुजाराच्या गावात धरलं गेलं आणि त्यापलीकडचं सरकारने स्वतःकडे ठेवलं. हे सरकारी रान पुढे वन खात्याचं राखीव जंगल झालं. १८७८ च्या वन कायद्याने त्याला पक्की चौकट दिली. पूर्वेकडे, म्हणजे आजच्या गडचिरोलीत, चित्र आणखी वेगळं होतं. तिथे जमीनदाऱ्या होत्या, त्यात अहेरीची सर्वांत मोठी, आणि जंगल जमीनदारांच्या ताब्यात होतं.

म्हणजे इथल्या हिरवाईचे सुरुवातीपासूनच दोन प्रकार होते. एक, वन खात्याचं जंगल. दुसरं, गावालगतचं रान. या दुसऱ्या रानात लोक गुरं चारायचे, जळण आणायचे, कुंपणाला काट्या तोडायचे, घराला मुरूम खणायचे. या वापराला आपल्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. कोणत्या गावाला कशाचा निस्तार आहे, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदवलेलं असायचं.

मग १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी आणि जमीनदारी संपली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, हे विसरू नका. गावरान, गवती कुरणं, झुडपं, झाडं, तलाव, सगळं शासनाकडे गेलं. पण गावाला गुरं तर चारायचीच होती. म्हणून गावोगाव निस्तार पत्रकं तयार झाली. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली भाषेत रानाचे ‘बडे झाड का जंगल’, ‘छोटे झाड का जंगल’ असे भाग पाडलेले दिसतात. आपला ‘झुडपी जंगल’ हा शब्द याच घराण्यातला. मुरमाड, खडकाळ जमीन, वर खुरटी झुडपं, शेती होत नाही, मोठं झाड धरत नाही, पण गुरं चरतात. अशा जमिनीला नोंदीत काहीतरी नाव द्यायला हवं होतं, ते हे.

इथे जरा थांबा, कारण संशोधकाच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे. ही नोंद करणाऱ्या माणसाला ‘इथे पर्यावरणदृष्ट्या जंगल आहे का’ असं कोणी विचारलेलं नव्हतं. त्याच्यापुढचा प्रश्न होता, गावाच्या वापराची जमीन कोणती. त्याचं उत्तर म्हणून त्याने ‘झुडपी’ लिहिलं.

शब्द तोच, अर्थ दुसरा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नोंदी सोबत आल्या. शासनाने यातली बरीच जमीन सार्वजनिक कामांना दिली. सरकारी कार्यालयं, शाळा, दवाखाने, वसाहती, स्मशानभूमी. गाव वाढलं की पहिली नजर याच जमिनीवर जायची, कारण ती गावाला लागून होती आणि शेतकऱ्याकडून विकत घ्यावी लागत नव्हती.

२५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्राची आधी परवानगी हवी, असा तो नियम. पण वनजमीन म्हणजे कोणती? १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वन, आणि सरकारी नोंदीत ज्याला वन म्हटलंय तेही वन, मालकी कोणाचीही असो. देशभरातली जंगलतोड रोखायला हा आदेश फार मोलाचा ठरला. आपल्या सहा जिल्ह्यांत मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नोंदीत ‘जंगल’ हा शब्द होताच. चराईच्या हिशेबासाठी लिहिलेला शब्द आता वनाचा पुरावा ठरला. ज्या जमिनीवर शाळा भरत होती, लोक राहत होते, तीही कायद्याच्या भाषेत वनजमीन झाली.

पुढचा वाद जवळपास तीन दशकं चालला. राज्य शासनाचं म्हणणं असं होतं की एकूण झुडपी जमिनीपैकी सुमारे ९२ हजार हेक्टर वनासाठी योग्य आहे, पण सुमारे ८६ हजार हेक्टरवर जंगल होऊ शकत नाही. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. झुडपी जंगल हे वनच मानलं जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीने नियमित करता येतील. त्यानंतर दिलेल्या जमिनींबाबत, त्या का दिल्या, याचं कारण शासनाला द्यावं लागेल.

या निर्णयाकडे ‘विकास जिंकला’ किंवा ‘जंगल जिंकलं’ असं बघितलं तर काहीच हाती लागत नाही. मला यात दिसतो तो एका जुन्या नोंदीचा प्रवास: गुराख्याच्या रानापासून तलाठ्याच्या दप्तरात आणि तिथून थेट दिल्लीच्या न्यायालयात. या प्रवासात एक हितसंबंध गळून पडला, तो म्हणजे निस्ताराचा. शाळा राहील का, वन राहील का, यावर चर्चा झाली. गुरं कुठे चरतील, हा मूळ प्रश्न मागे पडला.

नोंदीत नसलेलं रान

याची उलटी बाजू चंद्रपूर शहरालाच लागून आहे. शहराच्या उत्तरेला वीज केंद्र आहे. १९८३ मध्ये त्याचा पहिला संच सुरू झाला. आसपास कोळसा खाणी, कामगारांच्या वसाहती, दुर्गापूर, ऊर्जानगर. ताडोबाच्या मोहर्लीला जाणारा रस्ता इथूनच जातो. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आणि मोकळ्या पडलेल्या जागा यांच्यावर वेडी बाभूळ माजली आहे. नोंदीत ही जमीन औद्योगिक. बिबट्याच्या दृष्टीने मात्र ती लपायला उत्तम जागा, शिवाय जवळच वसाहतीतली कुत्री आणि डुकरं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि त्याच आठवड्यात दुर्गापूरला बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला उचलून नेलं.

हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. एका ठिकाणी कागदावर जंगल आहे आणि जमिनीवर शाळा. दुसऱ्या ठिकाणी कागदावर उद्योग आहे आणि जमिनीवर वाघ. शहराची वाढ आणि हिरवाई यांचा तोल साधायचा म्हणतो, तेव्हा तोल कशाच्या आधारे मोजायचा? नुसत्या नोंदीवर मोजला तर शाळेतली मुलं अडचणीत येतात, आणि जिथे खरंच जीव जातात ती जागा हिशेबात येतच नाही.

नोंद कोण लिहितं?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेलच. जमीनदारी गेल्यावर या गावाच्या आसपासचं जंगलही शासनाकडे गेलं. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जाऊ लागला आणि गावाचा निस्तार आक्रसला. गावाने वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेतले, आपल्या वापराची माहिती स्वतः गोळा केली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

मेंढ्याचं उदाहरण आदर्श गाव म्हणून सांगायची आपल्याला सवय आहे. आपल्या विषयापुरतं त्याचं महत्त्व वेगळं आहे. इथे रानाची नोंद रान वापरणाऱ्यांनीच तयार केली, त्यामुळे निस्तार तिच्यातून गळला नाही. अर्थात प्रत्येक ठिकाणी हे जमेल असं नाही. त्याच जिल्ह्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण उभी आहे आणि तिथे ग्रामसभांचा आवाज किती ऐकला गेला, हा आजही वादाचा विषय आहे. शहराच्या कडेला तर ग्रामसभाच विरघळत जाते. गाव महापालिकेत गेलं की गुराखीही राहत नाही आणि निस्तार मागणारा कोणी उरत नाही.

तुम्ही काम सुरू कराल तेव्हा

अख्खा जिल्हा घेऊ नका. शहराच्या कडेचं एक गाव घ्या, त्यातले दोन-तीन झुडपी गट क्रमांक घ्या. वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, जुना गावनकाशा आणि आजचा सातबारा शेजारी शेजारी ठेवा. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे वेगवेगळ्या काळातले नकाशे बघा. जवळपास खाण किंवा प्रकल्प असेल तर जनसुनावणीचं इतिवृत्त मिळवा, त्यात लोकांच्या तोंडची भाषा सापडते.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. हा कोणी लिहिला? कोणत्या कामासाठी लिहिला? आज तो कोणत्या कामासाठी वापरला जातोय? दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात फरक दिसला की तुमचा संशोधन प्रश्न तिथेच आहे.

आणि कागद झाले की गटावर जाऊन या, शक्यतो दोन ऋतूंत. तिथे आज गुरं कोण आणतं, हे विचारा. २०२५ च्या निर्णयानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत झुडपी जमिनींचे प्रस्ताव तयार करायचे आहेत, म्हणजे या जमिनींची नवी नोंद आपल्या डोळ्यांदेखत होणार आहे. १९५१ नंतरची निस्तार पत्रकं लिहिली गेली तेव्हा शेजारी बसून टिपणं काढणारा विद्यार्थी बहुधा कोणी नव्हता. या वेळी तुम्ही तिथे असू शकता. जुन्या माणसांना निस्ताराच्या वाटा अजून आठवतात, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करा.