विठू माउलीची लेकरे एका पंक्तीत का बसली नाहीत?

भक्तीने शूद्र-अतिशूद्रांना आध्यात्मिक स्वातंत्र्य दिले, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. देवाला आई म्हणा, सखा म्हणा. मध्ये भटजी नको, संस्कृत नको. हा दावा सपशेल खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई विठोबाशी हक्काने भांडते. चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा, बंका, निर्मळा हे अख्खे महार कुटुंब अभंग रचते. ज्यांना वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी देवाशी थेट नाते जोडले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण हे नाते माणसामाणसांत का उतरले नाही? परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना १३३८ साली भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला देवळाबाहेरच आहे. त्यांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग गायिले गेले आणि चोखोबांच्या लेकरांना बाहेर उभे केले गेले.

गांधीजींना उत्तर देताना बाबासाहेबांनी यावरच बोट ठेवले. देवापुढे सारे समान, असे संतांनी सांगितले. पण माणसे आपसांत समान आहेत, असे म्हणून त्यांनी जातीशी लढा दिला नाही. देवापुढची समानता मान्य करायला कुणाच्या खिशातले काही जात नाही. संत अपवाद म्हणून पूजला जातो आणि जात शाबूत राहते.

यावरून बाबासाहेबांना संतद्वेष्टे ठरवणाऱ्यांनी इतिहास वाचावा. १९२० च्या ‘मूकनायक’च्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता. १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. संतांच्या वेदनेशी त्यांचे नाते होते. त्या वेदनेला मोक्ष समजणे त्यांना मान्य नव्हते.

म्हणूनच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीवरचा खरा उपाय सांगितला तो आंतरजातीय विवाहाचा. रक्ताची सरमिसळ झाल्याशिवाय आपलेपणा येत नाही. पुढे बुद्धाच्या धम्मात त्यांना मैत्री सापडली, तीही माणसाने माणसाशी करायची.

आजही जातीबाहेर प्रेम केले म्हणून पोरापोरींचे मुडदे पडतात. मारणाऱ्यांच्या गळ्यात माळ असली तरी हात थरथरत नाहीत. वारीतल्या समतेचे गोडवे गाणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे: वाळवंटात ज्याच्या पाया पडता, त्याच्या घरी लेक द्याल का?