‘यासारख्या’ आजारांचा इतिहास

संत तुकाराम नगरात राहणाऱ्याला दवाखाना शोधावा लागत नाही. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपले वायसीएम, इथेच आहे आणि डी. वाय. पाटीलही जवळच. रस्त्याने चालणाऱ्यांत कोण दवाखान्याचा माणूस, हे हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीवरून कळते. पिशवीत एक्स-रे, रिपोर्ट आणि आधारची झेरॉक्स असते. गेल्या काही वर्षांत त्या पिशवीत आणखी एक कागद शिरला आहे, तो म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शाळा सुटल्यावर असे कागद वाचून दाखवण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते. मध्यंतरी एका विद्यार्थ्याची आई आली. नवरा चाकणला ठेकेदाराकडे कामाला होता. तीन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. अर्ज पुढे ठेवून तिने आधी विचारले, “टीचर, ये लेना याने मांगनाच हुआ ना?”

मी लगेच नाही म्हणाले. पण कुणाचा तरी हक्क आहे असे नुसते म्हणून भागत नाही, तो हक्क कुठून आला हेही सांगता आले पाहिजे.

आपल्याकडे ‘हात पसरणे’ आणि ‘हक्क घेणे’ यांतला फरक फार जुना आहे. तबरीच्या इतिहासात उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक (कारकीर्द ७०५ ते ७१५) याच्याविषयी नोंद आहे. त्याने कुष्ठरोग्यांना तनखा बांधून दिला आणि लोकांकडे मागू नका असे बजावले. प्रत्येक पांगळ्याला एक सेवक आणि प्रत्येक अंधाला एक वाट दाखवणारा दिला. वलीद काही संत नव्हता आणि त्याच्या राज्याचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण आजारी माणसाचा खर्च खजिन्यातून होतो आणि तो झाल्यावर त्याने भीक मागायची नसते, ही कल्पना आपल्याला परकी नाही एवढे त्यातून दिसते.

कारखान्यांच्या युगात हा प्रश्न नव्याने आला. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये म्हातारपण आणि अपंगत्वाच्या विम्याचा कायदा झाला. हिंदुस्थानात १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या परिशिष्टातला तक्ता आजही भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमधल्या माणसांना लागू पडतो. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन्ही हात गेले तर १००. शरीराची किंमत टक्क्यांत करण्याची सवय आपल्याला इथून लागली. यंत्राने बोट तोडले तर हे गणित सोपे असते. कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, किती पेर, सगळे सांगता येते. पण मूत्रपिंड कोणत्या पाळीत गेले ते कोण सांगणार? ठरावीक धंद्यांतले सिलिकोसिससारखे मोजके रोग सोडले तर या कायद्यात आजाराला जागा नव्हती.

ती जागा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे आले. १९४३ मध्ये सरकारने त्यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि मागोमाग बाकीचे कारखाने आले. चिंचवडच्या मोहननगरचे कामगार रुग्णालय याच योजनेचे.

ईएसआय ही खैरात नाही, हे मी त्या बाईला पुन्हा पुन्हा सांगितले. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. साध्या आजारपणात वर्षातून ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के मिळतात. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. निकामी मूत्रपिंड त्या ३४ मध्ये आहे! पण त्यासाठी आधी दोन वर्षे विम्याखालची नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. तिच्या नवऱ्याने चाकणमध्ये सहा वर्षे एकाच शेडमध्ये काम केले, पण ठेकेदार तीनदा बदलले. शेवटच्याने पगारातून पैसे कापले आणि भरलेच नाहीत. पहिला दरवाजा तिथे बंद झाला.

दुसरा दरवाजा वायसीएममधला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांना प्रथमच जागा मिळाली. वरून धडधाकट दिसणारा माणूसही दिव्यांग असू शकतो हे कायद्याने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे. पण यादी ही यादीच असते. मूत्रपिंड त्यात नाही, हृदयरोग नाही, मधुमेह नाही. डायलिसिसवरून उठल्यावर जिन्याच्या तीन पायऱ्या न चढू शकणारा माणूस या तक्त्यात बसत नाही. जे आजार बसतात त्यांतही ४० टक्के भरले तरच बहुतेक लाभ, आणि संधिवातासारखा आज चालू देणारा, उद्या न देणारा आजार नेमका बऱ्या दिवशी तपासणीला गेला तर काय भरणार?

त्यात २०२४ चे प्रकरण. एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या कागदपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आमच्या वायसीएमने दिलेले एक प्रमाणपत्रही गाजले, त्यावरचा आकडा होता ७ टक्के. ४० च्या जगात ७ टक्क्यांनी काहीच मिळत नाही, हे बातम्या पाहणाऱ्या कितीजणांच्या लक्षात आले कोण जाणे. पण त्यानंतर प्रत्येक प्रमाणपत्राकडे, आणि ते धरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे, लोक वळून बघू लागले. दिसत नसलेला आजार असणाऱ्यांना ते जास्त बोचते.

राहिला तिसरा दरवाजा, आणि तो उघडणारा माणूस आपल्या फारसा लक्षात राहिलेला नाही. आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले, आणि आजवरचे एकमेव, मुस्लिम मुख्यमंत्री. जानेवारी १९८२ मध्ये त्यांना जावे लागले. आज अंतुले म्हटले की लोकांना सिमेंट प्रकरण आठवते, फार तर लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा. पण १९८० मध्ये त्यांनीच संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. नाव दिल्लीच्या मर्जीचे, यात शंका नाही, संजय गांधी जूनमध्येच गेले होते. मात्र योजना नावापेक्षा मोठी निघाली. सरकारे बदलली, ती राहिली. आज तिच्यात विधवा, परित्यक्ता, तलाक झालेल्या स्त्रिया, तृतीयपंथी, दिव्यांग, अनाथ मुले येतात. अनुदान पुढे ६०० झाले, मग १,०००, २०२३ पासून १,५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५००.

या योजनेच्या नियमांतले एक वाक्य मी भाषेच्या शिक्षिकेच्या नजरेने वाचते. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशी नावे येतात आणि पुढे शब्द येतो ‘यासारख्या’. यासारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष. इथे टक्का नाही, बंद यादीही नाही. माणूस कमावू शकतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. मूत्रपिंडाला आत यायला या एका शब्दाने जागा ठेवली आहे. अर्थात तालुक्याची समिती तो शब्द कसा वाचते यावर सगळे अवलंबून.

आणि इथेही उंबरठा आहे. पंधरा वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास आणि वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न २१,००० च्या आत, दिव्यांगांना ५०,००० पर्यंत. गंमत अशी की ईएसआयची मर्यादाही २१,००० च आहे, फक्त ती महिन्याची. एका खिडकीवर महिना २१,००० मिळवणारा माणूस विमा लागणारा साधा कामगार ठरतो. दुसऱ्या खिडकीवर महिना १,७५० रुपयांच्या वर गेलात की तुम्ही निराधार नाही. पिंपरीत १,७५० मध्ये एका खोलीचे भाडेही भागत नाही. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर जो आकडा येतो तो तलाठ्यालाही माहीत असतो आणि अर्जदारालाही. प्रामाणिक माणसाला खोटे लिहायला लावणारी ही अट कुठल्याच सरकारला बदलावीशी वाटली नाही, याचा मला राग येतो.

तिच्या कागदांत वेगळीच अडचण निघाली. नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला परभणी जिल्ह्यातल्या उर्दू शाळेचा. त्यावर आडनाव शेख, आधारवर शेक, रेशनकार्डावर नुसते वडिलांचे नाव. तिघे एकच आहेत हे सांगणारे प्रतिज्ञापत्र करावे लागले. दाखल्याचा मराठी अनुवाद मी केला. रहिवासासाठी त्याच्या लहानपणीचा दाखलाच कामी आला, परभणीही महाराष्ट्रातच आहे. दुर्धर आजाराचे प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून मिळाले.

अर्जावर सही करताना ती थांबली. मराठीत सही येत नाही म्हणाली, अंगठा देऊ का? उर्दूत येते ना, मग उर्दूत कर, सहीला लिपीची अट नाही, मी म्हणाले. तिने पेन घेतले आणि चौकटीच्या उजव्या कडेपासून सावकाश नाव लिहिले. चौकट लहान होती, शेवटचे अक्षर जरा बाहेर गेले.