मशागत आणि राखण

उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवताना परमेश्वराने त्याला दोन कामे नेमून दिली आहेत: मशागत आणि राखण. कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास चाळताना ही जोडी आम्हांला वारंवार आठवते. मशागत या जिल्ह्याने लवकर आत्मसात केली. राखणीचे शिक्षण मात्र उशिरा सुरू झाले.

१८९९-१९०० च्या सुमारास दुष्काळ आणि प्लेग यांनी संस्थान होरपळले होते. १९०२ साली राजर्षी शाहू महाराजांनी पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले आणि स्वतंत्र अधिकारी नेमून विहिरी-तलावांची पाहणी करविली. पुढे भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. पैशाअभावी ते रखडले. १९२२ साली महाराज निवर्तले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. आधी पाहणी, मग धरण, हा क्रम आजच्या योजनाकारांनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

नद्यांवर बंधारे झाले. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव पुढे राज्यभर गेले. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरताना बरगे बसवायचे आणि नवा पाऊस येण्याआधी ते काढायचे, इतकीच त्याची युक्ती. बरगे घालण्यास उशीर झाला तर पाणी वाहून जाते. काढण्यास उशीर झाला तर पुराला अडथळा होतो. म्हणजे बंधारा दगडाचा असला तरी चालतो माणसांच्या दक्षतेवर.

पाण्यामागून ऊस आला, आणि जितके पाणी तितका ऊस ही समजूतही आली. शिरोळ तालुक्यातील भारी काळ्या जमिनींत मोकाट दिलेले पाणी साचून राहिले, पोटातले क्षार वर आले आणि रानावर पांढरे मीठ फुटले. अशा जमिनीत ऊस आधी खुरटतो, मग उगवतच नाही. सातबाऱ्यावर मालक असलेल्या माणसाचे रान पडीक राहते.

कोरडवाहू मुलखात याच्या उलट संकट होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात येशूसंघीय स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम उभे केले. १९९३ साली त्यातून वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे २०१५ चे परिपत्रक तेव्हा फार दूर होते. या कामात गावाचे श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांना मोठे स्थान होते. (चराईबंदीचा पहिला भार मेंढपाळावर पडतो. त्याला ग्रामसभेत न बसविता केलेली बंदी आम्हांला न्याय्य वाटत नाही.)

शिरोळमध्येही असेच गाव जमवावे लागले. तेथील दत्त सहकारी साखर कारखान्याने क्षारपड जमिनींच्या सुधारणेसाठी शेतकऱ्यांना एकत्र आणले. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे, अशी ही रीत. खर्च मोठा, पण त्याहून अवघड आहे संमती. मुख्य पाइप अनेकांच्या बांधाखालून जातो आणि शेवटचा शेजारी तयार होईपर्यंत वरच्या सर्व रानांतील पाणी जागच्या जागी मुरत राहते.