एकट्याने धावलेली शर्यत

शाळांच्या क्रीडासंमेलनाच्या आदल्या सायंकाळी मैदानावर फक्कीने पट्टे आखले जातात, आणि दुसऱ्या दिवशी ‘आपापल्या पट्ट्यात धावा’ असे सांगता सांगता आम्हां शिक्षकांचा घसा बसतो. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत 400 मीटरच्या अंतिम शर्यतीला असे पट्टे नव्हते. त्यापायी एका सरळमार्गी धावपटूच्या वाट्यास मोठे विचित्र यश आले. त्याचे नाव विंडम हॅल्सवेल.

हॅल्सवेलचा जन्म 1882 सालचा, लंडनमधला. वडील कीली हॅल्सवेल हे चित्रकार. मुलगा मात्र हायलँड लाइट इन्फन्ट्री या पलटणीत अधिकारी झाला आणि बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याच्या पायांतील वेग प्रथम हेरला तो जिमी करन नावाच्या पलटणीतील सहकाऱ्याने. शर्यतीच्या पैशावर पोट भरणाऱ्यांपैकी तो नव्हता; नोकरी सांभाळून हौसेने धावणारा होता. तरीही 1906 साली स्कॉटलंडच्या अजिंक्यपद सामन्यांत 100, 220, 440 आणि 880 यार्ड या चारही शर्यती त्याने एकाच दिवशी जिंकल्या. छोट्या धावेचा वेग आणि लांब धावेचा दम एकाच देहात क्वचितच नांदतात, हे खेळाडूंना सांगावयास नको.

आता ती शर्यत. 23 जुलै 1908. हॅल्सवेलसमोर तिघे अमेरिकन होते: कार्पेंटर, रॉबिन्स आणि टेलर. शेवटच्या वळणानंतर हॅल्सवेल बाहेरच्या बाजूने पुढे जाऊ लागला, तोच आघाडीवरचा कार्पेंटर तिरका सरकत सरकत कडेपर्यंत आला. हॅल्सवेलची वाट बुजली. पंचांनी आरडाओरड करून शर्यत रद्द ठरविली. अमेरिकेच्या नियमांत असे आडवे येणे चालत असे, इंग्लंडच्या नियमांत चालत नसे; दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटले, यात नवल नाही. कार्पेंटर बाद झाला. 25 जुलैला दोऱ्या बांधून पुन्हा शर्यत ठेवली, पण रॉबिन्स व टेलर आलेच नाहीत.

हॅल्सवेल एकटाच धावला. 50 सेकंद लागले. उपांत्य फेरीत याच अंतरास त्याला 48.4 सेकंदच पुरले होते, यावरून त्याच्या मनाची कल्पना यावी. ऑलिंपिकमध्ये धावण्याची अंतिम शर्यत कोणी एकट्याने धावून जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही. लवकरच त्याने स्पर्धा सोडल्या. 1912 साली सर्व देशांना समान नियम लावणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्यामागे या तंट्याचाही धडा होता.

पुढे 1914 चे महायुद्ध आले. हॅल्सवेलची पलटण हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनमध्ये, गुरखा पलटणींच्या जोडीने, फ्रान्समध्ये लढत होती. नव्ह शापेलच्या लढाईत 12 मार्च 1915 रोजी तो जखमी झाला. मागे जाऊन विश्रांती घेण्यास त्याने नकार दिला आणि पट्ट्या बांधलेल्या स्थितीतच तो आघाडीवर राहिला. 31 मार्चला एक सहकारी अधिकारी घायाळ होऊन पडला. त्याला आणण्यासाठी हॅल्सवेल पुढे गेला असता शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्याला लागली. वय अवघे 32.

त्याची कबर लाव्हँतीजवळच्या लष्करी दफनभूमीत आहे. तेथून फार दूर नाही, नव्ह शापेल येथे, 1927 साली उभारलेले हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ज्यांना कबर लाभली नाही अशा 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत.