विनोदाचीं दारें

एका माणसानें श्रोत्यांपुढें उभें राहावें आणि केवळ बोलण्याच्या बळावर त्यांस हंसवावें, या कलेस अमेरिकेंत 'स्टँड-अप' म्हणतात. तींतील थोर विनोदकारांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत. परंतु कोणास कोणत्या व्यासपीठावर येऊं दिलें, कोणत्या अटीवर येऊं दिलें, आणि आल्यावर त्याच्या हातांत काय पडलें, या बाजूनें हा इतिहास पाहिला तर तो निराळाच दिसतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कृष्णवर्णीय कलावंतांस गोऱ्यांच्या नाट्यगृहांत मानाचें स्थान मिळणें दुर्घट होतें. कृष्णवर्णीय प्रेक्षकांचीं नाट्यगृहें निराळीं असत, आणि तीं गांवोगांव हिंडण्याच्या फिरतीस 'चिटलिन सर्किट' असें नांव पडलें होतें. चिटलिन म्हणजे डुकराचें आतडें, गरिबाचें खाणें. नांवांतच सर्व आलें. या फिरतीवर लोरेटा मेरी एकेन ऊर्फ 'मॉम्स' मेब्ली ही स्त्री नांवारूपास आली. ऐन उमेदीच्या वयांतच तिनें बोळक्या तोंडाच्या म्हातारीचें सोंग घेतलें: ढगळ झगा, बेढब टोपी, घोगरा आवाज. हें सोंग केवळ हंशासाठीं नव्हतें. पुरुषांविषयीं किंवा गोऱ्यांच्या कारभाराविषयीं जें बोलणें तरुण स्त्रीच्या तोंडीं कोणीं खपवून घेतलें नसतें, तें आजीबाईकडून लोक आनंदानें ऐकत. (आमच्याकडेही घरांतील म्हातारीस ही सवलत असतेच.) हार्लेममधील अपोलो नाट्यगृह तिनें वर्षानुवर्षें गाजविलें, न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलचें व्यासपीठ तिला मिळालें तें १९६२ सालीं. तेव्हां म्हातारपणाच्या सोंगाची गरज उरली नव्हती. तिची साठी केव्हांच उलटली होती.

डिक ग्रेगरीची गोष्ट याहून निराळी. जानेवारी १९६१ मध्यें शिकागो येथील प्लेबॉय क्लबांत दुसऱ्या एका विनोदकाराच्या जागीं त्याला एका रात्रीपुरतें बोलावणें आलें. समोर पाहतो तों दक्षिणेकडील गोरे व्यापारी! त्याला परत पाठविण्याचा विचार चालला होता. तो मात्र ऐकेना. वर्णभेदावरच विनोद करून त्यानें ती सभा जिंकली, आणि एका रात्रीचें काम कित्येक आठवड्यांचें झालें. पुढें जॅक पार यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचें आमंत्रण आलें, तेव्हां त्यानें अट घातली: बोलणें संपल्यावर यजमानाशेजारच्या कोचावर बसविणार असाल तरच येईन. कृष्णवर्णीय विनोदकारानें हंसवावें आणि निघून जावें, असा तोंवरचा परिपाठ होता. आम्हांस त्याच्या साऱ्या विनोदांहून ही अट मोठी वाटते.

स्त्रियांस तर व्यासपीठापर्यंत पोंचणेंच कठीण. लॉस एंजेलिस येथें १९७२ सालीं 'कॉमेडी स्टोअर' निघालें आणि थोड्याच वर्षांत तें मिट्झी शोअर या बाईंच्या हातीं आलें. नव्या विनोदकारांचें भवितव्य त्यांच्या पसंतीवर ठरूं लागलें. मुख्य दालनांत पुरुषांचीच गर्दी. म्हणून १९७८ सालीं बाईंनीं माडीवरील एक लहानशी खोली स्त्रियांसाठीं उघडली. तिचें नांव 'बेली रूम'. कोणीं तिला माहेर मानिलें, कोणीं माजघर. आम्हांस दोन्ही मतें खरीं वाटतात. ही कला घरीं आरशापुढें साधत नाहीं, श्रोता हाच तिचा गुरु. तेव्हां एकदां फजिती झाली तरी पुन्हा उभें राहूं देणारी जागा ही पहिली गरज. पण होतकरू माणसांच्या शोधांत जे खालच्या दालनांत येऊन बसत, त्यांनीं जिना चढण्याची तसदी घ्यावी कशाला?

त्यांतच मोबदल्याचा प्रश्न. प्रेक्षक पैसे मोजून येत, वाढप्यांस पगार मिळे. विनोदकारांपैकीं बहुतेकांस मात्र कांहीं नाहीं. ही शाळा आहे, असें बाईंचें म्हणणें. शाळेंत मद्य विकत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें. अखेर १९७९ सालीं विनोदकारांनीं संप पुकारला, रस्त्यावर फलक घेऊन ते उभे राहिले, आणि सुमारें सहा आठवड्यांनीं दर पाळीस २५ डॉलर देण्याचें ठरलें. नामवंतांच्या दृष्टीनें ही रक्कम क्षुल्लक होती. परंतु फुकट बोलणें घरच्या आधारावर ज्यांस परवडतें त्यांचाच आवाज अशा ठिकाणीं टिकतो. दिवसा दुसऱ्याची चाकरी करून रात्रीं पाळीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हिशेबांत त्या २५ डॉलरांत भाडें आणि जेवण यांचा कांहीं भाग निघत होता.